सहावा गिअर

फेरीबोटीवर दोर टाकणाऱ्याला
वजन डोळ्यांनी कळत नाही, तळपायांनी कळतं.
पाववाल्याची सायकल लागतच नाही पायाला,
मासळीच्या टोपलीची स्कूटर जेमतेम,
लग्नाची व्हॅन चढली की पत्रा एकदा हुंकारतो.

आग्नेल फुर्तादची बाईक पहिल्यांदा आली
तेव्हा सुकती होती, मांडवी पार खाली.
आधी आवाज आला, जुन्या गोव्याच्या कमानीखालून,
कुणी भरलेला हंडा दगडावरून
सावकाश ओढत आणावा तसा.
मग ती आली आणि बोट
अर्धा इंच नम्र झाली.

‘तीनशे चाळीस किलो,’ तो म्हणाला,
बारशाला बाळाचं वजन सांगतात त्या आवाजात.
टाकीत मला माझं तोंड दिसलं, रुंद, तुळतुळीत,
एखाद्या भाटकाराचं.
चट्कन बाजूला झालो.

दिवाडीच्या धक्क्यावर शेवाळ.
मागचं चाक घसरलं.
पडली म्हणता येणार नाही. बसली,
म्हैस बसते तशी, कुणाची घाई नसल्यासारखी.
मी, आग्नेल, शाळेचे गावणेकर सर
आणि सुंगटं विकणारी रोझालिन.
‘पाठीनं नको, गुडघ्यांनी,’ रोझालिन ओरडली.
पहिल्यांदा काहीच हललं नाही.
दुसऱ्यांदा सरांच्या शर्टाचं बटण गेलं.
तिसऱ्यांदा मध्येच एक जागा आली
जिथं वजन आपलं आपणच उठलं
आणि आमचे हात नुसते लावलेले राहिले.
ती जागा अजून माझ्या दंडात आहे.

विचारलं, ‘बाब, एवढं जड कशाला?’
हातमोज्यावरचं शेवाळ पुसत म्हणाला,
‘सव्वीस वर्षं तारवार काढली, पुर्सो.
कपातला चहासुद्धा सरळ राहिला नाही कधी.
आता असं काहीतरी हवं होतं
जे मी सांगेपर्यंत हलणार नाही.’

बेट दहा मिनिटांत संपतं.
पिएदादच्या चढाला दुसरा,
शेतातल्या सरळ रस्त्याला तिसरा, फार तर चौथा,
तेवढ्यात नार्व्याची फेरी समोर उभी.
सहावा गिअर त्यानं इथं कधी टाकलेला नाही.
‘तारवावर लाइफबोट होती,’ म्हणतो,
‘तीही कधी खऱ्यानं उतरवली नाही.
पण ती नसती तर मला झोप लागली असती?’

माझा भाचा प्रज्योत,
ड्युटीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर गाड्या काढतो.
परवाची गाडी: चाकांना आरे नाहीत, मध्ये पोकळ,
चेन नाही, धूर नाही,
पाकटाच्या पाठीसारखी एकच रेघ.
‘बसायचं कुठं?’
‘मामा, कन्सेप्ट आहे ती.’
‘आरसे?’
‘तिला मागचं बघायचं नसतं.’
‘आणि स्टँड?’
पोरगा थांबला. पेन्सिल चावली.
‘चालणार कधी?’
‘चालवायची नसतेच. फिरत्या चबुतऱ्यावर ठेवतात,
लोक बघतात,
रात्री दिवे मालवून दार लावतात.’

आग्नेलनं कागद घेतला, आधी हातमोजा काढून.
दिवाडी आली. उतरला नाही.
जुनं गोवं आलं. उतरला नाही.
तीन फेऱ्या झाल्या.
तो विचारत होता, ब्रेक लावला की ही रेघ कुठं वाकेल?
आणि पोरगा, ज्याच्याकडे लायसन नाही,
सायकलसुद्धा शेजारच्यांची,
त्याला समजावत होता, नखानं.
चार ग्रॅमचा कागद आणि तीनशे चाळीस किलो लोखंड
एकाच पत्र्यावर उभं,
आणि बोट कुठल्याच बाजूला कलली नाही.
तळपायांवर माझा इतका विश्वास,
पण त्या दिवशी त्यांनी मला काहीच सांगितलं नाही.

रात्रीची शेवटची फेरी.
एक कुत्रा, दोन रिकामे क्रेट, मी.
इंजिनवाला आत रेडिओला थापट्या मारतोय.
पुढच्या कठड्याशी उभा राहून
इकडेतिकडे बघितलं
आणि डाव्या पायाचा अंगठा, चपलेसकट,
एकदा खाली, मग वर,
वर, वर, वर,
आणि आणखी एकदा.

बोट आपल्याच वेगानं गेली.
कुत्र्यानं मात्र कान टवकारले.